पार्टनर शेजारचा घ्यावा की लांबचा? किलोमीटर सगळ्यात शेवटी मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तुमची ग्रे आयर्नची (बिडाच्या ओतकामाची) फाउंड्री, साठेक माणसं, ट्रॅक्टरचं आणि पंपाचं कास्टिंग, आणि ईव्हीमुळे पुढं इंजिनचे पार्ट कमी होतील या धास्तीने आता अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगमधे, म्हणजे स्टीलच्या साच्यात (डायमधे) वितळलेला धातू भरून पार्ट काढण्यात, उतरायचंय. एकट्याने जमणार नाही म्हणून पार्टनर शोधताय आणि समोर तीन आहेत, एक दहा किलोमीटरवरचं इंजिनिअरिंग कॉलेज, दुसरी चाकणची एक डायकास्टिंग कंपनी आणि तिसरं कोइमतूरचं एक छोटं टूलिंग-डिझाइनचं (डाय डिझाइन करणारं) ऑफिस. घरचे, सीए, असोसिएशनवाले सगळे म्हणतायत की जवळचा धरा, रोज भेटता येईल. तर जवळ असण्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. पण किलोमीटरने जवळ असणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा प्रकार आहे. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, कंपनी, कॉलेज आणि लॅब यांच्या जोड्या लावून द्यायच्या आणि मग त्या टिकाव्यात म्हणून मधे बसायचं, आणि माझं मत असं झालंय की दोन पार्टनरमधे ज्ञान वाहायला जे जवळपण लागतं ते चार-पाच प्रकारचं असतं, रस्त्याचं अंतर हा त्यातला एकच प्रकार, आणि तो बाकीच्यांना मदत करतो पण त्यांची जागा घेत नाही. तुमच्यात आणि समोरच्यात नेमकं कुठलं अंतर आहे ते ओळखायचं आणि पैसे ते अंतर कमी करायला घालायचे, बाकी मग तो शेजारी असो नाहीतर परदेशात.

आधी ‘जवळचा धरा’ म्हणणाऱ्यांची बाजू, कारण ते अगदीच चूक बोलत नाहीयेत. अमेरिकेत एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी सत्तरच्या दशकात आरअँडडी लॅबमधले इंजिनिअर एकमेकांशी कामाचं किती बोलतात हे मोजलं, आणि टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं पहिल्या तीसेक मीटरमधेच धपकन खाली येतं असं दिसलं. त्यापुढं माणूस त्याच बिल्डिंगमधे आहे की दुसऱ्या गावात याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे शेजारच्या टेबलाला जे महत्त्व आहे ते शेजारच्या एमआयडीसीला नाही, हे लोक विसरतात. दुसरं उदाहरण मला फार आवडतं, पॅरिसच्या ज्युसियू कॅम्पसचं. तिथल्या इमारतींमधे अ‍ॅसबेस्टॉस निघालं, ते काढायला वर्षानुवर्षं लागली आणि त्या काळात विद्यापीठाच्या लॅबना इकडून तिकडे हलवावं लागलं. कोण कुणाच्या शेजारी जाणार हे शास्त्रज्ञांनी ठरवलंच नव्हतं, ते ठरलं अ‍ॅसबेस्टॉसच्या कामाच्या वेळापत्रकाने. नंतर संशोधकांनी हिशोब काढला तर नव्याने शेजारी आलेल्या लॅबमधे एकत्र काम सुरू होण्याचं प्रमाण बऱ्यापैकी वाढलेलं. तेव्हा शेजार कामाचा आहे हे मान्य. ओळख करून देण्यात आणि कोणाकडे काय आहे हे कळण्यात त्याचा उपयोग सगळ्यात जास्त.

आणि काही ज्ञान असं असतंच की ते ईमेलने जात नाही. तुमच्याच शॉपफ्लोअरवरचं घ्या. मोल्डिंगवरचा जुना माणूस सँड मुठीत घेतो, दाबतो, मूठ उघडून बोटांचे ठसे कसे उमटलेत बघतो, मग तो गोळा मधोमध मोडून कडा बघतो आणि सांगतो की पाणी जास्त झालंय, आज ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधे वायूची भोकं, येणार. लॅबचा मॉइश्चर रिपोर्ट यायच्या आत त्याचं सांगून झालेलं असतं. आता हे ज्ञान तुम्ही पीपीटीत घालून दुसऱ्या कंपनीला पाठवा बरं. ‘मूठ उघडल्यावर ठसे स्वच्छ दिसले पाहिजेत’ एवढं वाक्य जाईल, पण स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ हे त्याच्या शेजारी उभं राहून हात काळे केल्याशिवाय कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या डायकास्टिंगमधेही असंच आहे, डायवर स्प्रे किती मारायचा, कुठे जास्त मारायचा, शॉट (एका वेळचं कास्टिंग) बाहेर आल्यावर पार्टचा रंग बघून डाय थंड पडलीये की तापलीये हे कसं ओळखायचं, हे सगळं बघून बघून येणारं आहे.

इथपर्यंत सगळे सहमत असतात. गडबड याच्या पुढं आहे, कारण लोक यावरून असा निष्कर्ष काढतात की सगळ्यांना एका जागी आणून बसवलं की ज्ञान आपोआप पसरेल. अल्फ्रेड मार्शल नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1890 सालीच इंग्लंडमधल्या कारखानदारीच्या गावांबद्दल लिहून ठेवलं होतं की तिथे धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, हवेतच असतात. ती कल्पना इतकी गोड आहे की आजही क्लस्टरच्या (एकाच धंद्याच्या कारखान्यांच्या समूहाच्या) प्रोजेक्ट रिपोर्टमधे ती वेगवेगळ्या शब्दांत येते. पण हवेत असलं तरी ते सगळ्यांच्या नाकात सारखं जात नाही.

चिलीमधे कोल्चाग्वा खोरं आहे, वाइनसाठी प्रसिद्ध. तिथल्या वायनरींचा अभ्यास झाला, कोण कोणाला तांत्रिक सल्ला विचारतो, कोण कोणाला देतो याचा अक्षरशः नकाशा काढला. सगळ्या एकाच खोऱ्यात, तेच हवामान, तोच बाजार, मालक एकमेकांना ओळखणारे. तरी तांत्रिक ज्ञान फिरत होतं ते ठरावीक कंपन्यांच्या एका गटात, ज्यांच्याकडे शिकलेले अ‍ॅग्रोनॉमिस्ट आणि वाइनमेकर होते, स्वतः प्रयोग करायची सवय होती. बाकीच्या शेजारी असून कोरड्याच. कारण सरळ आहे, ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्याला विचारायचं काय हेच कळत नाही तोही कोणाकडे जात नाही. बाहेरचं ज्ञान ओळखून ते पचवून वापरायची ताकद घरातच लागते, आणि ती ताकद स्वतः थोडंफार आरअँडडी केल्यानेच येते. ती पार्टनर देत नाही.

याहून भारी गोष्ट सियालकोटची आहे. पाकिस्तानातलं सियालकोट म्हणजे फुटबॉलचं गाव, शंभराहून जास्त कारखाने एकाच शहरात. फुटबॉलवर 20 षटकोन आणि 12 पंचकोन असतात, ते रेक्झिनच्या शीटमधून डाय ठोकून कापतात. षटकोन एकमेकांना चिकटून बसतात पण पंचकोन बसत नाहीत, त्यामुळे पंचकोन कापताना बराच माल वाया जातो. काही अर्थतज्ज्ञांनी पंचकोन जरा वेगळ्या मांडणीने कापणारी नवीन डाय बनवली, त्याच शीटमधून जास्त तुकडे निघायला लागले, आणि ती 35 कारखान्यांना फुकट दिली. फुकट, शिकवून, तेही एका शहरात जिथे सगळे एकमेकांचं बघतात! अपेक्षा अशी की लवकरच सगळं गाव तीच डाय वापरेल. 15 महिन्यांनी बघितलं तर वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

का, तर कटिंग करणारा कारागीर पीसरेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरी. नवीन डायने सुरुवातीला त्याचा हात हळू चालणार, म्हणजे त्याची मजुरी बुडणार, आणि वाचलेल्या रेक्झिनचा फायदा मालकाला. मग तो मालकाला सांगतो साहेब ही डाय काही कामाची नाही. मालक डायवर बसत नाही, त्याला ते खरं वाटतं. पुढं त्या अभ्यासकांनी काही ठिकाणी कारागिराला सांगितलं की नवीन डाय नीट चालते हे मालकासमोर दाखव, एक महिन्याच्या पगाराएवढी रक्कम देऊ, तेव्हा त्या कारखान्यांमधे वापर वाढला. म्हणजे अडचण दोन कारखान्यांमधल्या अंतराची नव्हतीच, ती एका कारखान्यातल्या दोन माणसांमधल्या अंतराची होती. मालक आणि कारागीर एकाच छताखाली, मधे दहा फूट नाही, पण हिशोब उलटे. तुमच्याकडे मोल्डर, फेटलर (कास्टिंग साफ करणारे) कशावर आहेत? पीसरेटवर असतील तर हे परत वाचा, कारण नवीन पार्टनरने आणलेली कुठलीही पद्धत आधी त्यांच्या खिशातून जाणार आहे.

आता तो प्रकारांचा मुद्दा. नेदरलँड्समधे रॉन बोश्मा नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी 2005 साली ही सगळी गुंतागुंत पाच प्रकारच्या जवळिकीत मांडली आणि या विषयात काम करणारे बहुतेक लोक आजही तीच मांडणी वापरतात. समजुतीची जवळीक म्हणजे दोघांच्या डोक्यातलं ज्ञान किती जुळतं. संघटनेची म्हणजे दोघं एकाच ग्रुपखाली किंवा घट्ट करारात आहेत का. सामाजिक म्हणजे ओळख, विश्वास. संस्थात्मक म्हणजे दोघांचे नियम, सवयी, कायदा, भाषा सारखी आहे का. आणि पाचवी भौगोलिक. यातली खरी गोम अशी की प्रत्येक जवळीक कमी असली तरी नुकसान आणि फार जास्त झाली तरी नुकसान. समजुतीच्या बाबतीत हे सगळ्यात ठळक दिसतं. समोरच्याला तुमच्याएवढंच आणि तुमचंच येत असेल तर बोलायला मजा येते पण नवीन काही मिळत नाही, आणि त्याचं ज्ञान फार लांबचं असेल तर मीटिंगमधे माना डोलतात आणि बाहेर आल्यावर दोघंही वेगवेगळं समजलेले असतात. मधला पट्टा पकडायचा. तुमच्यासारख्यांना मेल्टिंग कळतं, गेटिंग (धातू साच्यात जायच्या वाटा) कळतं, श्रिंकेज (थंड होताना आकसणं) कळतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमवाल्याशी बोलताना अर्ध्या गोष्टी न सांगता समजतील. पण तुमचा मोल्ड वाळूचा, प्रत्येक वेळी मोडायचा, आणि त्याची डाय स्टीलची, महागडी, हजारो शॉट टिकवायची, त्यामुळे डायचं तापमान सांभाळणं हा जो त्याच्या धंद्याचा जीव आहे तो तुमच्या डोक्यात आज नाहीच. शिवाय हायड्रोजनची पोरोसिटी (त्या वायूने पडणारी बारीक भोकं), डिगॅसिंग (वितळलेल्या धातूतून तो वायू काढणं), हे तुम्हाला नवीन. हे अंतर झेपण्यासारखं आहे. उद्या तुम्ही बॅटरीच्या केमिस्ट्रीत उतरतो म्हणाला असतात तर मी सांगितलं असतं, नको.

किलोमीटर जास्त आणि बाकी सगळं जुळलेलं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे आणि का कोण जाणे आपल्याकडे ते फार कमी लोकांना माहितीये. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाचा) पट्टा आहे, 26 देश. 1996-97 च्या साथीत तिथे अडीच लाखांवर केसेस झाल्या आणि सुमारे 25 हजार माणसं गेली. ए गटाच्या जंतूवर टिकाऊ लस पाहिजे होती, आणि आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांनी स्पष्ट सांगितलेलं की डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे, नाहीतर आम्ही घेऊच शकत नाही. 2001 मधे पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या 7 कोटी डॉलरवर प्रोजेक्ट सुरू केला. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी बोलणी झाली, त्या भावात काही जुळेना. मग त्यांनी काम तुकड्यांत तोडलं. जंतूचं पॉलिसॅकराइड (त्याच्या कवचातली साखर) अ‍ॅमस्टरडॅमच्या सिन्को बायो पार्टनर्सकडून. ते प्रोटीनला जोडायची, म्हणजे काँज्युगेशनची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, संशोधकांनी काढलेली, ती लायसन्सवर. आणि लस बनवायची हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने.

आता नकाशावर बघा, अमेरिका, हॉलंड, पुणे, आणि वापरणार बुर्किना फासो. भौगोलिक जवळीक शून्य. एक सरकारी नियामक संस्था, एक ना-नफा संस्था, एक डच कंपनी, एक खासगी भारतीय कंपनी, म्हणजे संस्थात्मक अंतरही भरपूर. तरी जमलं कशामुळे, तर माझ्या मते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे सीरमला टिटॅनस टॉक्सॉइड (धनुर्वाताच्या लसीतलं प्रोटीन) मोठ्या प्रमाणात बनवायचा वर्षानुवर्षांचा हात होता, आणि या लसीत पॉलिसॅकराइड ज्याला जोडायचं ते प्रोटीन नेमकं तेच, टिटॅनस टॉक्सॉइड. म्हणजे नवीन शिकायचं होतं ते जोडायचं तंत्र, अख्खी लस नाही. वर सांगितलेला मधला पट्टा म्हणतात तो हाच. दुसरं, तंत्र नुसतं कागदावर पाठवलं नाही, पुण्याचे शास्त्रज्ञ एफडीएच्या लॅबमधे जाऊन हाताने करून शिकले आणि परत येऊन इथे स्केल वाढवलं. म्हणजे जवळ राहायला गेले पण कायमचे नाही, शिकायला लागतील तेवढेच दिवस. डिसेंबर 2009 मधे भारतात परवाना मिळाला, 2010 मधे डब्ल्यूएचओची मान्यता, आणि डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोमधे मोठी मोहीम सुरू झाली. सुरुवातीची किंमत पन्नास सेंटच्या आत बसली. पुढं कोट्यवधी लोकांना ती लस मिळाली आणि त्या पट्ट्यातल्या ए गटाच्या साथी जवळजवळ बंद पडल्या. मधे बसून सगळ्यांचं वेळापत्रक, भांडणं, लायसन्स सांभाळायला प्रोजेक्टची स्वतःची टीम होती हे पण विसरू नका, आपल्याकडे त्या कामाला बजेटमधे कोणी ओळच ठेवत नाही.

तर हे ‘थोडे दिवस जवळ’ प्रकरण नीट समजून घ्या, तुमच्या उपयोगाचं आहे. जे ज्ञान हाताने शिकायचं त्याला कायमचा शेजार लागत नाही, योग्य वेळी एकत्र असणं लागतं. सुरुवातीला, ट्रायलच्या वेळी, आणि काही बिघडलं की. बाकीच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओ कॉल पुरतात. अमेरिकेत साउथवेस्टसारख्या स्वस्त विमानकंपनीने दोन शहरांमधे सेवा सुरू केली की त्या शहरांतल्या शास्त्रज्ञांचं एकत्र काम वाढतं असंही अभ्यासात दिसलंय, म्हणजे अंतर तेवढंच, जाण्याचा खर्च आणि कंटाळा कमी झाला. आपल्याकडचे द्राक्षवाले हे न सांगता करतात. तासगाव, नाशिककडे छाटणीच्या दिवसांत शिवारफेरी निघते, एकाच्या बागेत सगळे उभे राहून काडी हातात घेऊन बघतात, डोळा कुठे फुटलाय, कुठे फुटला नाही, वाद घालतात आणि घरी जातात. वर्षभर रोज भेटायची गरज नाही, पण ज्या आठवड्यात काडी बोलते त्या आठवड्यात बागेत पाहिजे.

व्हिडिओ कॉलवरच भागवू म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. कोविडमधे मायक्रोसॉफ्टच्या 61 हजारांवर अमेरिकन कर्मचाऱ्यांचा डेटा बघितला गेला, घरून काम सुरू झाल्यावर लोक आधीच्याच ओळखीत जास्त बोलायला लागले, वेगवेगळ्या गटांना जोडणारे धागे कमी झाले. म्हणजे चालू काम रिमोटने निभावतं, नवीन माणूस गाठायला ते कमी पडतं. त्यामुळे प्रदर्शनाला, आयआयएफच्या (फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेच्या) कार्यक्रमांना जाणं बंद करू नका, तिथल्या चहाच्या रांगेत जे कळतं ते झूमवर कळत नाही.

ओळख-विश्वासाबद्दल थोडक्यात. ज्ञान माणसांबरोबर फिरतं. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि त्यांच्याबरोबर खेळाच्या सामानाचा धंदाच आला, कोणी टेक्नॉलॉजी ट्रान्सफरचा करार केला नव्हता. कॅलिफोर्नियात नोकरी सोडून स्पर्धकाकडे जायला बंदी घालणारे करार चालत नाहीत, तो कायदा 1872 चा, आणि सिलिकॉन व्हॅलीत माणसं आणि त्यांच्याबरोबर कल्पना एवढ्या फिरतात याचं ते एक कारण मानतात. योगायोग असा की आपला इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टही 1872 चाच आणि त्याचं कलम 27 धंद्याला अटकाव करणारा करार रद्दबातल ठरवतं. आपल्याकडे तरी त्यावरून व्हॅली उगवली नाही, म्हणजे नुसत्या कायद्याने होत नाही, पण तुमचा माणूस उद्या चाकणला गेला तर कोर्टकचेरी करण्यापेक्षा त्याच्याशी संबंध चांगले ठेवा, बऱ्याचदा तोच तुमचा पुढचा धागा असतो.

आणि जास्त जवळिकीचं नुकसान, कारण कोल्हापूरच्या संदर्भात मला याचीच जास्त काळजी वाटते. स्वित्झर्लंडच्या ज्युरा भागातले घड्याळवाले घ्या. पिढ्यान्‌पिढ्या एकाच खोऱ्यात, एक गिअर बनवणारा, दुसरा डायल, तिसरा असेंब्ली, सगळे एकमेकांच्या लग्नाला जाणारे. क्वार्ट्झ घड्याळाचा प्रोटोटाइप 1967 मधे त्यांच्याच न्यूशाटेलच्या लॅबमधे तयार होता. ज्ञान अंगणात होतं. पण अख्ख्या साखळीची समजूत, पैसा, मान-मरातब मेकॅनिकल घड्याळात अडकलेला, आणि जो तो शेजाऱ्याकडे बघून निर्धास्त. डिसेंबर 1969 मधे जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि 1970 ला सुमारे 90 हजार माणसं असलेला तो उद्योग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 30 हजारांच्या आसपास आला. आता उद्यमनगरात किंवा शिरोलीत ईव्हीचा विषय काढून बघा. सगळे एकमेकांना विचारतात आणि सगळे एकमेकांना सांगतात की अजून दहा वर्षं काही होत नाही. कदाचित बरोबरही असेल, ट्रॅक्टर आणि पंप कुठे जातायत. पण हे मत कोणी बाहेर जाऊन तपासलेलं नाही, शेजाऱ्याचं मत शेजाऱ्याने उचललंय. म्हणून निदान एक पार्टनर असा पाहिजे जो तुमच्या लग्नकार्यात नसतो.

कॉमन फॅसिलिटी सेंटर, म्हणजे सगळ्या कारखान्यांनी मिळून वापरायची सोय, जवळ असली की पुरते असंही नाही, नाव घेत नाही पण एका ठिकाणी चांगली टेस्टिंग लॅब उभी राहिली, मशीन उत्तम, अंतर पाच मिनिटांचं, आणि मेंबर लोक सँपल पुण्याला पाठवत होते. कारण लॅबच्या कमिटीवर स्पर्धक बसलेले आणि रिजेक्शनचा रिपोर्ट त्यांच्या नजरेला पडेल ही भीती. तिथे मशीन नाही, गुप्ततेचा नियम कमी पडला होता. रिपोर्टवर कंपनीच्या नावाऐवजी कोड आणि कमिटीला रिपोर्ट बघायला बंदी, एवढं केलं असतं तर चाललं असतं.

आता तुमचे तीन पर्याय. कॉलेज जवळ आहे, प्राध्यापक कदाचित ओळखीचे आहेत, पण त्यांचं घड्याळ वेगळं चालतं. सेमिस्टर, परीक्षा, पेपर छापणं, नॅकची (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची) तयारी. तुम्हाला पुढच्या महिन्यात उत्तर पाहिजे आणि त्यांना जूनमधे नवीन बॅच मिळणार. यात कोणाचाच दोष नाही, दोघांचे नियमच वेगळे. आणि मुख्य म्हणजे त्यांच्यातल्या किती जणांनी प्रॉडक्शनची डाय चालवलीये हे विचारून घ्या. कॉलेजला मुख्य पार्टनर करू नका, पण सिम्युलेशन, मायक्रोस्ट्रक्चर, एखादी टेस्ट, आणि इंटर्न मुलं यासाठी नक्की धरा. त्यातलंच एखादं हुशार पोरगं नोकरीला ठेवा, घरात पचवायची ताकद पाहिजे म्हणालो ती इथून सुरू होते.

चाकणची कंपनी ज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात तयार, पण ते तुम्हाला का शिकवतील हा प्रश्न कोणी विचारला का? त्यांना बहुतेक ओव्हरफ्लोचं (त्यांच्याकडे न मावणारं जादा) काम करणारा सबकाँट्रॅक्टर पाहिजे. ते वाईट नाही, ऑर्डर मिळते आणि त्यांच्या क्वालिटीवाल्याच्या शिव्या खात माणसं तयार होतात, पण जेवढं त्यांना पाहिजे तेवढंच शिकवलं जाईल आणि डाय त्यांचीच राहील. जॉइंट डेव्हलपमेंट हा शब्द वापरतायत म्हणून हुरळून जाऊ नका, डिझाइनचे हक्क कोणाकडे हे कागदावर बघा.

कोइमतूर लांब आहे, भाषा वेगळी आहे, आणि तरी माझा कल तिकडे आहे. पंप आणि फाउंड्रीचं गाव ते, तुमच्या कास्टिंगचा धंदा त्यांना समजावून सांगावा लागणार नाही, शॉपफ्लोअरवर मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांत काम होतं हे मी बघितलंय. ते तुमचे स्पर्धक नाहीत. त्यांचं पोट टूल विकून आणि ती चालवून दाखवून भरतं, म्हणजे तुमची डाय चालण्यात त्यांचा फायदा आहे. सियालकोटच्या कारागिरासारखा हिशोब उलटा नाही. फक्त सरळ हाय प्रेशरवर (मशीनच्या दाबाने धातू डायमधे भरण्यावर) उडी मारू नका, एक-दोन पार्ट ग्रॅव्हिटी डायकास्टिंगचे (धातू नुसता ओतायचा) घ्या, मशीनचा खर्च कमी आणि तुमच्या माणसांना आत्ता जे येतं त्याच्या ते जवळ आहे. मेटल, डिगॅसिंग, डायचं तापमान हे हातात बसलं की मग प्रेशरकडे.

करार करताना डिझाइनच्या फीपेक्षा माणसांच्या येण्याजाण्यावर भांडा. पहिली डाय त्यांच्याकडे ट्रायलला लागेल तेव्हा तुमचा मेल्टर आणि जो पुढं डाय सेट करणार तो माणूस, दोघं तिथे पाहिजेत, मालक किंवा मॅनेजर नाही. आणि डाय शिरोलीला आल्यावर त्यांचा माणूस इथे राहून, तुमच्या फर्नेसवर, तुमच्या मेटलने सलग चांगले पार्ट काढून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. त्या दिवसांत तुमच्या माणसांना पीसरेट लावू नका, रोजावर ठेवा. आणि कोइमतूरवाल्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा हे आधीच लिहून घ्या, हजार-दोन हजारांच्या लॉजच्या बिलावरून चांगल्या ट्रायल मधेच थांबलेल्या बघितल्यात.